दोघंच हायेत

बॅरिकेड नव्हता. हे सगळ्यात आधी सांगितलेलं बरं, कारण नंतर जो तो भलतंच सांगत फिरला.

ठाण्याला बॅरिकेड होते, नाही असं नाही. पण ते सकाळीच ट्रकात टाकून वर्ध्याला गेले होते. कोण्या पुढाऱ्याची सभा होती, तिथं खुर्च्यांच्या समोर लावायला. पुढारी आणि जनतेच्या मधात लोखंड पाहिजे. पोलीस आणि दारूच्या गाडीच्या मधात काहीच नसलं तरी चालते.

तर कारंज्याकडून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याजवळ, आचल ठोंबरे आणि हेमराज हवालदार या दोघांनी डांबराच्या मधात दोन मोठे गोटे आणून ठेवले, बाभळीची एक फांदी आडवी टाकली आणि झाली नाकाबंदी. जीप साहेबांसोबत सभेला गेलेली. यांच्याजवळ एक मोटरसायकल आणि हेमराजच्या हातात काठी.

आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू बंद नाही, ती गाडीतून येते एवढंच. दुधाच्या कॅनमध्ये येते, भाजीच्या खाली येते, लग्नाच्या वऱ्हाडात येते. आणि ती आणणारा माणूस सापडला तर गाडी जाते, माल जातो, कोर्टाच्या चकरा लागतात. म्हणून तो थांबायच्या मूडमध्ये नसतो. समोर उभा असलेला माणूस त्याच्यासाठी माणूस नसतो, तो गोट्यासारखाच एक गोटा.

साहेब लोक याच्यावर दर वेळी एकच सांगतात. गाडी थांबत नाही असं दिसलं की बाजूला व्हा, जीव महत्त्वाचा. आणि गाडी निघून गेली की तेच साहेब विचारतात, काऊन जाऊ देली? दिवाळीच्या आधी हेमराज असाच बाजूला झाला होता, तर हजेरीत सगळ्यांसमोर त्याला विचारलं गेलं, तू पोलीस हाय का लग्नातला पाहुणा. हेमराज हा किस्सा हसत हसत सांगायचा. पण त्या दिवसापासून तो रस्त्यात थोडा जास्तच मधात उभा राहायला लागला होता. आचलच्या ते ध्यानात आलं होतं. ती बोलली नाही. हवालदार तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, त्याला कसं उभं राहायचं हे ती काय सांगणार.

दुपारी तिचा भाऊ अश्विन आला. कारंज्याला काकाच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका द्यायला चालला होता, तर आईनं जाता जाता बहिणीला डबा देऊन जा म्हटलं होतं. डोक्यावर हेल्मेट नाही. हेमराजनं त्याला काठीनंच थांबवलं.

"काय गा ठोंबरे, हेल्मेट कोठी हाय?"

"घरी हाय काका. केस दबते ना."

"बहीण पोलिसात हाय म्हणून डोकं फुटत नाई का बे? मैदानात कोन पाहून राह्यलं तुहे केस?"

मैदान म्हणजे भरतीचं. अश्विन दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करत होता. पिपरी मेघेच्या रस्त्यावर पहाटे धावायचा, आणि हेमराज भेटला की त्याला छातीत हवा कशी भरायची, गोळा कसा फेकायचा, हे विचारायचा. हेमराजला पोरगा नव्हता. तो अश्विनला शिव्या देत शिकवायचा आणि मग स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा. त्या दिवशीही त्यानं डब्यातली वांग्याची भाजी पाहून म्हटलं, तुह्या मायच्या हातचं खाऊन मी पुन्हा भरती होऊ शकतो. अश्विन हसला, गाडीला किक मारली आणि कारंज्याच्या दिशेनं निघून गेला.

त्यानंतर थोड्या वेळानं ती पिकअप आली.

पांढरी पिकअप, मागं संत्र्याचे क्रेट, वर ताडपत्री. आचलला ती लांबूनच दिसली, कारण ती वळणाच्या पलीकडे थांबली होती. एक जण उतरला, गाडीच्या समोर वाकला, मग मागं गेला, मग पुन्हा चढला. आचलनं हेमराजला म्हटलं, काका, हे काही बरोबर दिसत नाही. हेमराजनं काठी वर केली. पिकअप निघाली ती पहिल्यापासूनच जोरात. तिच्या समोरच्या नंबरवर ओला चिखल थापलेला होता.

हेमराज मधून बाजूला झाला. हे आचलनं स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं, आणि पुढं ज्यानं ज्यानं म्हटलं की हवालदारानं हिरोगिरी केली, त्याच्या तोंडावर ती हे फेकून मारत आली. तो बाजूला झाला होता. पण गोटे मधात होते, पिकअपवाल्याला टायर वाचवायचे होते, म्हणून त्यानं गाडी कडेला घेतली, जिथं हेमराज होता तिथंच. ब्रेक नाही, हॉर्न नाही. समोरच्या काचेवर ऊन चमकत होतं, आत कोण आहे ते काहीच दिसलं नाही. एक आवाज आला, पोतं टाकल्यासारखा. मागचा एक क्रेट उडाला आणि संत्री डांबरावर घरंगळत गेली.

आचल मोटरसायकलवर बसली, किक मारली, पहिल्या वळणापर्यंत गेलीसुद्धा. मग तिनं आरशात पाहिलं. हेमराज रस्त्यात पडला होता, त्याच्या आजूबाजूला तीन-चार गाड्या थांबल्या होत्या आणि लोक हातात मोबाईल धरून उभे होते. ती परत फिरली.

पुढं किती तरी दिवस तिला विचारत होते, पाठलाग काऊन नाई केला? एसीत बसलेला एक माणूस तर म्हणाला, हा मौका गेला. ती परत आली तेव्हा हेमराजचा डावा पाय गुडघ्याखाली उलट्या बाजूला वळलेला होता आणि एक पोट्टा व्हिडिओ काढता काढता तिला म्हणाला, मॅडम थोडं बाजूला व्हा. तिनं त्याचा मोबाईल हिसकला आणि शेतात भिरकावला. त्याचीही तक्रार झाली नंतर. तो मोबाईल कितीचा होता हे त्या पोट्ट्याला बरोबर माहीत होतं.

शेवटी एका कापसाच्या मेटाडोरवाल्यानं मदत केली. तो काही न बोलता खाली उतरला, त्यानं आणि आचलनं मिळून हेमराजला उचललं आणि कापसावर झोपवलं. कापूस लाल होत गेला. मेटाडोरवाला एकदाच बोलला, धरून ठेवजा मॅडम, खड्डे लय हायेत.

पाय कापावा लागला.

पिकअप दुसऱ्या दिवशी एका तुरीच्या शेतात सापडली, रिकामी. क्रेटच्या खाली दारूचा वास आणि फुटक्या बाटलीचे तुकडे. मालकाचं नाव भूपेंद्र. तो पाहुण्याच्या घरी लपून बसला होता, तिथून त्याला उचलला. तो अगदी ठंडा. म्हणे, गाडी सकाळीच चोरीला गेली, मी तक्रार द्यायला येणारच होतो. गाडी कोण चालवत होतं हे सांगणारा एकही माणूस नव्हता. हेमराजनं चेहरा पाहिला नाही. आचलनं पाहिला नाही. ज्या लोकांनी व्हिडिओ काढले त्यांच्याजवळ हेमराज पडलेला सगळ्या बाजूंनी होता, पिकअप कोणाजवळच नव्हती.

आचल तिसऱ्या दिवशी घरी जेवायला बसली. बाप नव्हता, तो ती शाळेत असतानाच गेला. आई शोभाबाई वाढत होती, अश्विन समोर बसला होता. आचलच्या अंगात इतका राग होता की पोळीचा तुकडाही तिच्यानं नीट तोडवत नव्हता. ती बोलत सुटली. गाडी वळणावर कशी थांबली, नंबरवर चिखल कसा थापला, म्हणजे त्यांना समोर पोलीस आहे हे कळलं होतं. कोणी तरी सांगितलं. कोणी तरी लाईट मारला.

हे इथं सगळेच करतात. समोरून येणाऱ्याला दोनदा लाईट मारायचा, नाही तर डोक्यावर हात ठेवून दाखवायचा. समोर मामा उभा आहे, हेल्मेट घाल, कागद काढ, नाही तर गावातून फिरून जा. ओळखीचा असो, नसो. हे कोणी शिकवत नाही, आणि न केलं तर माणूस माणुसकीचा नाही असं वाटते. ज्यानं लाईट मारला त्याला समोरचा हात दाखवतो, आणि दोघंही पुढं जातात, काही तरी चांगलं केल्यासारखं.

आचल म्हणाली, ज्यानं लाईट मारला त्याचा हात मी मनगटातून तोडीन.

अश्विननं घास खाली ठेवला. उठला आणि मागच्या मोरीत जाऊन हात धूत राहिला. पाणी वाहतच राहिलं. आचल ताटावरून उठली आणि मागं गेली. त्याच्या पाठीकडं पाहूनच तिला समजलं. लहानपणी मायची बरणी फोडली तेव्हाही तो असाच उभा होता, मान आत घेऊन.

"ताई," तो म्हणाला, "मी फक्त लाईट नाई मारला."

मग त्यानं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. लाईट मारला तेव्हा पिकअप हळू झाली, त्याच्या मोटरसायकलच्या बाजूला खिडकी आणून थांबली. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, भाऊ, समोर काय हाय? अगदी अदबीनं. अश्विननं मागचे संत्र्याचे क्रेट पाहिले. त्याला वाटलं, बिचारा बागवाला असेल, माल जास्त भरला असेल, कागद नसेल, पाचशे-हजाराची पावती फाटेल. त्याला दया आली. आणि थोडा रुबाबही आला. खरं म्हणजे रुबाबच जास्त.

"मी म्हटलं, दोघंच हायेत. बॅरिकेड बी नाई. अन् त्यातली एक माई बहीणच हाय, ठोंबरे मॅडम. माहं नाव सांगजा, सोडून देईन."

ड्रायव्हरनं खूश होऊन त्याला दोन संत्री दिली होती. एक त्यानं गाडीवरच खाल्लं. दुसरं कारंज्यात काकाच्या नातवाला दिलं.

आचलनं त्याला मारलं. थापड नाही, मूठ. तो भिंतीला टेकला आणि तसाच राहिला, हात वर केला नाही. तिला त्याचा तो न वर केलेला हातही सहन झाला नाही. ती म्हणत होती, दोघंच हायेत, दोघंच हायेत, तू त्याले मोजून देलं, बॅरिकेड नाई हे बी सांगतलं, काऊन गा, तुले कोनं विचारलं होतं? अरे ते वापस फिरले असते. त्यांना माहीत नसतं तर ते घाबरून थांबले असते, नाही तर वळले असते. एक बाई आणि एक ढेरीवाला हवालदार, लोखंड काही आडवं नाही, हे कळलं म्हणूनच त्यानं गाडी जोरात घातली. आई मधात आली आणि दोघांनाही रडत दूर करायला लागली. तिला अजून काही समजलं नव्हतं.

समजल्यावर मात्र ती रडायची थांबली. दरवाजा लावून आली. तिचं म्हणणं सरळ होतं. हेमराजचा पाय आता वापस येणार आहे का? पोट्ट्याची भरती पुढच्या महिन्यात. यानं जाऊन सांगितलं की दारूवाल्याला मीच रस्ता दाखवला, तर याला कोण घेणार? आणि आचलला सोडतील का? म्हणतील बहीण-भाऊ दोघंही सामील होते. घरात एकच पगार आहे, तोही जाईल.

"तो ड्रायव्हर तुले दिसला होता असं तूच सांग ना बाई," आई म्हणाली. "हा सांगते तुले कसा दिसते तो. तू सांगतलं काय अन् यानं सांगतलं काय, मानूस तोच."

आचलनं आईला गप्प बस म्हटलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ठाण्यात साहेबांनीही तेच म्हटलं.

ठाणेदार साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला हेमराजचं खरंच वाईट वाटत होतं, त्यानं स्वतः रक्त दिलं होतं. त्यानं आचलला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, साक्षीदार नाही मिळाला तर भूपेंद्रला सोमवारी जामीन मिळते. खुनाचा प्रयत्न टिकत नाही, अपघात होते, तोही चोरानं केलेला. तुले चेहरा दिसला नाही असं तू त्या दिवशी सांगितलं, पण त्या दिवशी तू भानावर नव्हती. दोन-तीन दिवसांनी आठवते माणसाला. पुरवणी जबाब घेऊन टाकू. विचार कर.

आणि तिच्याजवळ सगळं होतं. अश्विननं सांगितलेलं एक न एक. उजव्या भुवईत कापल्याची खूण, कानात बाली, दाढी कोरलेली. तिनं डोळे मिटले तर तो चेहरा तिला दिसायलाही लागला होता. एक शब्द बोलायचा. भूपेंद्र आत, अश्विन मोकळा, साहेब खूश, आई खूश. ती म्हणाली, उद्या सांगते.

तिथून ती दवाखान्यात गेली. हेमराजला शुद्ध होती, पण बोलणं तुटक. त्याची बायको वर्षाली बाजूला स्टुलावर बसलेली, तिचे डोळे सुजलेले. तिनं आचलला जागा दिली आणि गरम पाणी आणायला गेली. हेमराजनं तपास कुठवर आला ते विचारलं. आचलनं साहेबांचं बोलणं सांगितलं, अश्विनचं नाही सांगितलं. 

हेमराजनं मान तिच्याकडं वळवली. मग म्हणाला, "तू खरंच पाहिला का त्याले?"

"नाई."

"मंग पाहिला म्हणू नोको. वकील पहिलं हेच विचारते, ऊन कोन्या बाजूनं होतं."

त्यानं एक जुनी केस सांगितली. तो नवीन होता तेव्हा त्याच्यासोबतचा एक शिपाई असाच गाडीखाली आला होता, मेला. साहेबांच्या सांगण्यावरून एकानं न पाहिलेला ड्रायव्हर पाहिला म्हटलं. कोर्टात वकिलानं त्याला अशा जाग्यावर आणून उभं केलं की तो चळचळा कापायला लागला. ड्रायव्हर सुटला. पुढं तोच ड्रायव्हर बाजारात दिसायचा आणि पोलिसांना पाहून हसायचा. हेमराजला ते हसणं अजून आठवत होतं. तो म्हणाला, माहा पाय गेला तो गेला, पण तो हसला नाई पाहिजे.

आचल खाली उतरली ती तावातावानं. तिला हेमराजचा राग आला, इतका सरळ माणूस असायची काय गरज आहे म्हणून. साहेबांचा आला. आईचा आला. सभेतल्या त्या पुढाऱ्याचा आला, ज्याचं भाषण कोणालाच आठवत नव्हतं. आणि सगळ्यात जास्त अश्विनचा, कारण आता त्याच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. भूपेंद्रला अपघातात नाही, खुनाच्या प्रयत्नात अडकवायचं तर खरं पाहणारा माणूस पाहिजे. आणि खरं पाहणारा घरात पांघरूण घेऊन झोपला होता.

सकाळी तिनं त्याचं पांघरूण ओढलं. चाल म्हणाली. तो काही न विचारता उठला, चप्पल घातली. आई दरवाज्यात आडवी उभी राहिली, शिव्याही दिल्या, आयुष्यात पहिल्यांदा पोरीला कैदाशीण म्हणाली. आचल तिला बाजूला करून गेली. अश्विनला मागं बसवून ती बोरगाव मेघेपर्यंत आली. तिथं सिग्नलवर तो म्हणाला, ताई, तुह्यावर येईन ना. ती म्हणाली, हाव, येईन.

साहेबांनी ऐकून घेतलं. ठाण्याचा रायटर जबाब टाईप करत होता. चेहऱ्याचं वर्णन झालं तेव्हा साहेब खुर्चीत पुढं सरकले, खूशच झाले. मग अश्विन त्या वाक्यावर आला. ठाण्यात तेव्हा गर्दी होती, दोन-तीन शिपाई, एक तक्रारवाली बाई, चहावाला. अश्विननं मान खाली घालून म्हटलं, मी त्याले सांगतलं, दोघंच हायेत, बॅरिकेड बी नाई, अन् एक माई बहीण हाय. टाईप करणाऱ्याचे हात थांबले. सगळ्यांनी आचलकडं पाहिलं. रोज सोबत डबा खाणारे लोक, त्यांनी असं पाहिलं की जणू ती आत्ताच बाहेरून आली आहे.

साहेबांनी तिला विचारलं, तुला हे कधीपासून माहीत आहे. तिनं सांगितलं, परवापासून. काल का नाही सांगितलं. तिनं सांगितलं, काल हिंमत नव्हती. साहेबांनी वाकून आतापर्यंतचं लिहिलेलं वाचलं. मग रायटरला म्हणाले, ते बॅरिकेडचं काढून टाक, त्याची काही गरज नाही. दोघंच हायेत एवढं पुरे.

"त्यानं म्हटलं तेच लिहा साहेब," आचल म्हणाली.

"मॅडम, विचार करून बोलून राह्यल्या ना? वरून विचारतील, बॅरिकेड कुठं होते. तुमच्याही अंगावर येईन."

"माहं नाव बी त्यानं घेतलं. ते तर लिहून राह्यले. मंग बॅरिकेड बी लिहा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभी राहिली, रायटरच्या बोटांकडं पाहत. शेवटी तक्रारवाली बाईच म्हणाली, लिहा ना भाऊ, नव्हतं तर नव्हतं. रायटरनं साहेबांकडं न पाहता लिहून टाकलं.

संध्याकाळपर्यंत आचल मुख्यालयाला जमा झाली. चौकशी होईस्तोवर गणवेश घालून मैदानात बसायचं, काम काही नाही. एका पेपरात आलं, महिला शिपायाच्या भावानेच दिली टीप. बॅरिकेडची ओळ त्यात नव्हती. गल्लीतल्या बायका नळावर शोभाबाईला पाहून गप्प व्हायला लागल्या. काकानं लग्नाला या म्हणून पुन्हा फोन केला नाही. अश्विनचं भरतीचं ग्राउंड आलं, त्यानं विचारलं, जाऊ का. आचल म्हणाली, मले विचारू नोको. तो गेला नाही. त्या दिवशी तो पहाटे उठला, बूट घातले आणि ओट्यावर बसून राहिला.

मग ओळख परेड झाली, कारागृहात. तिथं पोलिसाला आत जाता येत नाही. नायब तहसीलदार असतात, पंच असतात, एकसारखी दिसणारी सात-आठ माणसं ओळीत उभी करतात आणि साक्षीदारानं त्यातल्या माणसाला हात लावून दाखवायचं. आचल बाहेर रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभी राहिली, साध्या कपड्यात. थंडीचे दिवस, रस कोणी पीत नव्हतं, रसवाला तिला दोनदा विचारून गेला. तिच्या डोक्यात एकच होतं. अश्विन घाबरेल. चुकीच्या माणसाला हात लावेल. नाही तर म्हणेल, नाही ओळखत, आणि सगळं पाण्यात.

तो बाहेर आला आणि रस्ता ओलांडून तिच्याजवळ आला. तिनं विचारलं, ओळखला?

त्यानं मान हलवली. हो. तिसऱ्या नंबरवर होता. दाढी काढली होती, बालीही नव्हती, पण भुवई तीच. अश्विननं त्याच्या खांद्याला हात लावला.

"काई बोलला का तो?"

अश्विन उगीच रसवाल्याच्या घुंगराकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "हळूच बोलला. साहेब लोकाईले ऐकू नाई आलं. म्हणे, भाऊ, संत्रे गोड होते ना?"

आचलचं रक्त असं उसळलं की ती रस्ता ओलांडून गेटपर्यंत गेली. गेटवरच्या शिपायानं तिला ओळखलं, मॅडम म्हटलं, काय काम विचारलं. काम काही नव्हतं. आत जाता येत नव्हतं. ती तिथं गज धरून उभी राहिली. गज गार होते. मग वळली, आणि अश्विनला गाडीवर बस म्हणाली.

जामीन नामंजूर झाला. कलम टिकलं. पुढं काय होईल ते कोर्टाला माहीत. हे सांगायला ती दवाखान्यात गेली. अश्विनला तिनं खाली गेटजवळ थांबवलं होतं. वर हेमराज झोपलेला होता. वर्षाली जागी होती, आणि तिला सगळं माहीत होतं. पेपर तिनंही वाचला होता.

आचलनं तरी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. लाईट, खिडकी, दोघंच हायेत, संत्री. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. वर्षाली हेमराजच्या चादरीचं टोक दुमडत आणि उलगडत ऐकत राहिली. हेमराज त्या पोट्ट्याला चहा पाजायचा हे तिला माहीत होतं. कधी कधी घरीही आणायचा.

ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "ओळखलं ना त्यानं?"

"हाव."

"बरं केलं." मग चादर सोडून ती म्हणाली, "पण त्याले इथं आणू नोको आचल. मले पाहवणार नाई. यायनं बोलावलं तरी आणू नोको."

आचलनं मान हलवली. ती काही म्हणणार होती, त्याची चूक, त्याचं वय, त्याची भरती. तिनं त्यातलं काहीच म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क तिला नव्हता, आणि म्हणावंसंही वाटलं नाही. तिनं हेमराजच्या उशापाशी ठेवलेली औषधं नीट लावली, वर्षालीला जेवल्या का विचारलं आणि खाली आली.

अश्विन गेटजवळ गाडीला टेकून उभा होता. तिला पाहून सरळ झाला.

"काय म्हणे काका?"

"झोपले हायेत."

"अन् काकू?"

आचलनं गाडीची चावी लावली. तिला वाटलं, सांगावं की रागात होती, दोन दिवसांनी निवळेल. अशी एक सोपी गोष्ट बोलून टाकावी, कोणाचं काय जाते. मग तिनं त्याच्या तोंडाकडं पाहून जसं होतं तसंच सांगितलं.

"म्हणे, बरं केलं. अन् म्हणे, त्याले इथं आणू नोको. काकांनी बोलावलं तरी नाई."

अश्विननं ऐकलं. तो म्हणाला, "बरं."

आणि मागं बसला.